बारा तारखेचं मस्टर, वीस तारखेची शपथ

सप्टेंबर 1983 मध्ये अमेरिकेत एकाच महिन्यात 11 लाख नोकऱ्या वाढल्या. अध्यक्ष होते रोनाल्ड रेगन. पुढे बराक ओबामांच्या काळात नोकऱ्यांची गाडी रखडत चालली होती, तेव्हा रेगन यांच्या रिपब्लिकन पक्षाची मंडळी हा आकडा हमखास बाहेर काढायची. मंदीतून देश असा वर काढतात, बघा!

आकडा खोटा नाही. त्याच्या आधीचा महिना मात्र कुणी सांगत नाही. ऑगस्ट 1983 मध्ये टेलिफोन कंपनीचे साडेसहा लाखांच्या आसपास कर्मचारी संपावर होते. अमेरिकेत नोकऱ्यांचा मासिक आकडा कंपन्यांच्या मस्टरवरून काढतात. महिन्याची 12 तारीख ज्या पगाराच्या हप्त्यात येते, त्या हप्त्यात पगार मिळाला तर माणूस नोकरीत, नाहीतर यादीबाहेर. संपकऱ्यांना पगार नव्हता, म्हणून ऑगस्टमध्ये त्यांच्या नोकऱ्या 'गेल्या' आणि देशाचा आकडा 3 लाखांनी खाली आला. संप मिटला, मंडळी आपापल्या खुर्चीवर परतली आणि सप्टेंबरात त्याच नोकऱ्या 'निर्माण' झाल्या. दोन्ही महिने एकत्र धरले तर सरासरी महिन्याला 4 लाख पडते. तीही दणदणीत वाढ आहे. रेगन यांच्या चाहत्यांना आकडा फुगवायची गरजच नव्हती.

ही 12 तारीख लक्षात ठेवा, कारण नवा अध्यक्ष शपथ घेतो 20 जानेवारीला. जानेवारी 2009 मध्ये अमेरिकेत जवळजवळ 8 लाख नोकऱ्या बुडाल्या. त्या मोजल्या गेल्या तेव्हा व्हाइट हाउसमध्ये जॉर्ज डब्ल्यू. बुश होते, ओबामा आठ दिवसांनी आले. मग हा जानेवारी कुणाच्या खात्यात? बुश यांच्या म्हणाल, तर फेब्रुवारी आणि मार्चचं काय? त्या दोन्ही महिन्यांत मिळून जवळपास 15 लाख नोकऱ्या गेल्या. मंदीतून सावरण्यासाठी सरकारी पैसा ओतायच्या 787 अब्ज डॉलरच्या योजनेवर ओबामांनी सही केली 17 फेब्रुवारीला. त्यातला पहिला डॉलर कुणाच्या हातात पडायच्या आत हजारो कारखान्यांनी माणसं काढली होती.

नोकऱ्यांचा तळ लागला फेब्रुवारी 2010 मध्ये. ओबामांच्या डेमोक्रॅट पक्षाचे लोक तिथून मोजायला लागतात. त्या हिशोबाने ओबामांच्या खात्यावर सुमारे 1 कोटी 59 लाख नोकऱ्या जमा होतात. शपथविधीच्या महिन्यापासून मोजलं तर 1 कोटी 16 लाख. दोन्ही बेरजा बरोबर आहेत. मधल्या सुमारे 43 लाखांचा बाप कोण, एवढाच वाद.

सुरुवातीची रेघ कुठे मारायची या खेळाचा सर्वांत मासलेवाईक नमुना 2012 च्या निवडणुकीतला आहे. ओबामांच्या विरोधात उभे असलेले रिपब्लिकन उमेदवार मिट रॉम्नी यांच्या प्रचारात सांगितलं गेलं की ओबामांच्या काळात गेलेल्या नोकऱ्यांपैकी 92.3 टक्के स्त्रियांच्या होत्या. ऐकून धक्काच बसतो. तरीही ते सरकारी आकड्यांतूनच काढलेलं होतं. मंदी सुरू झाली डिसेंबर 2007 मध्ये. मंदीचा पहिला घाव बांधकाम आणि कारखान्यांवर बसतो, तिथे पुरुष जास्त. ते घरी बसले ते मुख्यतः बुश यांच्या काळात. मग राज्यांचा आणि पालिकांचा कर आटला, शिक्षक कमी केले गेले. शाळांमध्ये बायका जास्त, आणि तोवर अध्यक्ष बदललेला. शिवाय पुरुषांच्या नोकऱ्या आधी परत यायला लागल्या होत्या. मंदीच्या पहिल्या महिन्यापासून मोजलं तर स्त्रियांचा वाटा 40 टक्क्यांच्या आसपास येतो.

दुसरी गफलत याहून खोल आहे. रेगन आणि ओबामा यांची तुलना करणारे दोघांच्या मंद्या एकाच जातीच्या धरून चालतात. 1981-82 ची मंदी जवळपास मुद्दाम आणलेली होती. महागाई हटत नव्हती म्हणून फेडरल रिझर्व्ह या अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे प्रमुख पॉल व्होल्कर यांनी व्याजदर 20 टक्क्यांच्या घरात नेले. कर्ज परवडेना, घरं आणि मोटारी विकल्या जाईनात, बेरोजगारी 10.8 टक्क्यांवर गेली. पाटाचं दार बंद केल्यावर पीक सुकणारच. दार उघडलं आणि ते तरारलं. 2008 मध्ये दार सताड उघडलं होतं, डिसेंबरातच व्याजदर शून्यावर आले होते. पण पाटच जागोजागी फुटलेला. बँका बुडायच्या बेतात, घरांच्या किमती कोसळलेल्या आणि कुटुंबं कर्ज फेडण्यात गुंतलेली. अशा वेळी स्वस्त कर्ज घ्यायला येणार कोण? रेगन यांच्या करकपातीचं श्रेय किती आणि व्होल्कर यांच्या दाराचं किती, यावर अर्थतज्ज्ञ आजही भांडतात. माझा कौल दाराला.

थोरल्या बुश यांची, म्हणजे जॉर्ज डब्ल्यू. यांच्या वडिलांची, कथा तर करुण आहे. त्यांच्या काळातली मंदी मार्च 1991 मध्ये संपली. मंदीच्या तारखा ठरवणाऱ्या संस्थेने ते जाहीर केलं 22 डिसेंबर 1992 रोजी, म्हणजे ते निवडणूक हरल्यावर सात आठवड्यांनी. मतदार मात्र चुकले नव्हते. मंदी संपली तरी बेरोजगारी जून 1992 पर्यंत वाढतच होती. मालक आधी आहे त्याच माणसांकडून ओव्हरटाइम करून घेतो. नवा माणूस घेतो तो मागणी टिकेल अशी खात्री पटल्यावर. ती खात्री पटली तेव्हा अध्यक्ष होते डेमोक्रॅट बिल क्लिंटन. आठ वर्षांत 2 कोटी 20 लाखांहून जास्त नोकऱ्या त्यांच्या नावावर लागल्या. आयत्या बिळावर नागोबा, असं रिपब्लिकनांनी म्हटलं तर पहिल्या वर्षापुरतं खरं. आठही वर्षांसाठी म्हणणं जरा जास्तच.

प्रिन्स्टन विद्यापीठाचे अर्थतज्ज्ञ अॅलन ब्लाइंडर आणि मार्क वॉटसन यांनी 2016 मध्ये ट्रूमनपासून ओबामांपर्यंतचा हिशोब मांडला. डेमोक्रॅट अध्यक्षांच्या काळात अर्थव्यवस्था वर्षाला सुमारे 1.8 टक्के बिंदूंनी जास्त वेगाने वाढली होती. ब्लाइंडर स्वतः क्लिंटन यांचे सल्लागार होते, तेव्हा त्यांनी श्रेय आपल्या पक्षाला दिलं असेल असं वाटेल. पण फरकाचा मोठा भाग त्यांना तेलाच्या किमतींचे धक्के आणि उत्पादकतेतल्या चढउतारांत सापडला. सरकारी खर्चाच्या आणि व्याजदराच्या धोरणातून तो समजावता येईना.

रॉम्नी यांनी त्याच 2012 मध्ये वचन दिलं होतं की निवडून दिलंत तर चार वर्षांत 1 कोटी 20 लाख नोकऱ्या आणीन. मूडीज अॅनालिटिक्स या आर्थिक अंदाज बांधणाऱ्या कंपनीचा त्याच चार वर्षांचा अंदाज साधारण तेवढाच होता, आणि तो कोण जिंकतं यावर बेतलेला नव्हता. जिंकले ओबामा. त्या चार वर्षांत 1 कोटीहून थोड्या जास्त नोकऱ्या वाढल्या, आणि त्या त्यांच्या खात्यात लिहिल्या गेल्या.