जुन्या नोंदींत आडनाव शोधताना : बेळगाव सीमाभागासाठी अर्ज आणि कागदपत्रे

वारसा लावायचा असो की पासपोर्ट काढायचा, सीमाभागातल्या घरांत एक अडचण हमखास येते : आजोबांचं आडनाव एका कागदात एक, दुसऱ्यात भलतंच. दर वेळी कारकुनाचा निष्काळजीपणा नसतो. १९५६ पर्यंत बेळगाव मुंबई राज्यात होतं, नंतर दप्तर कन्नडात गेलं. कन्नडात 'कुलकर्णी'तला ल पूर्ण उच्चारतात, म्हणून इंग्रजीत उतरवताना मध्ये जादा 'ए' (a) येतो. 'पाटील'च्या शेवटीही तसाच चिकटतो. चौगुले-चौगले, नाईक-नायक हे तर घरोघरी.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे जुन्या नोंदींत आडनाव पुष्कळदा नसतंच. 'रामा बिन सिद्धू' एवढंच असतं. बिन म्हणजे अमक्याचा मुलगा, कोम म्हणजे अमक्याची बायको. येळ्ळूरकर, कडोलकर, सांबरेकर ही गावावरची आडनावं बहुधा गाव सोडून गेलेल्यांना लागली, त्यामुळे मूळ गावच्या दप्तरात ती सापडतीलच असं नाही. म्हणून माझं आग्रहाचं सांगणं : शोध आडनावावरून नको, गाव, सर्व्हे नंबर आणि बापाच्या नावावरून घ्या.

जमिनीचा आजचा उतारा ऑनलाइन मिळतो. हाताने लिहिलेले जुने उतारे आणि फेरफार नोंदींसाठी तहसीलदार कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये प्रमाणित नकलेचा अर्ज करा. खातेदाराने किंवा वारसाने केला तर सोपं जातं. सोबत आधार कार्ड, आजचा उतारा, मृत्यूचा दाखला आणि वंशावळ जोडा. वंशावळीसाठी नाडकचेरीत (तहसीलदाराच्या हाताखालच्या स्थानिक महसूल कचेरीत) अर्ज करतात. अर्ज कन्नडात द्या, पण नावं देवनागरी, कन्नड आणि इंग्रजी तिन्हीत लिहा. शोधणाऱ्याला तेच उपयोगी पडतं. दाद मिळाली नाही तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली १० रुपये शुल्क भरून अर्ज करता येतो, उत्तराची मुदत ३० दिवस.

शाळेचं दाखल रजिस्टर विसरू नका. जुन्या मराठी शाळांत आडनाव, जात, जन्मगाव एकाच ओळीत मिळतं, आणि मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्याचा उतारा पुराव्याला चांगला चालतो.

गाव पूर्वी कोणाच्या अमलात होतं हेही आधी पाहा. बेळगावचं शहापूर सांगली संस्थानात होतं, रायबाग कोल्हापूर संस्थानात. अशा घराण्यांचे कागद बेळगावात न मिळाल्यास कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात विचारा. वतनदार आणि इनामदार घराण्यांना १८५२ च्या इनाम कमिशनच्या चौकशीचे कागद मोलाचे, कारण हक्क सिद्ध करायला लोकांनी वंशावळी दिल्या होत्या. यातलं बरंच मोडी लिपीत आहे. जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्या आणि मूळ नकलेला जोडूनच ठेवा.

दोन्ही नावं एकाच माणसाची हे सांगणारं प्रतिज्ञापत्र नोटरीसमोर करतात. पण नुसतं प्रतिज्ञापत्र फारसं टिकत नाही. त्याला उतारा, शाळेची नोंद, वंशावळ अशी साखळी लागते. जन्मनोंदीतली चूक १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम १५ खाली निबंधक दुरुस्त करतात. तिथे जुनी नोंद खोडली जात नाही, समासात दुरुस्ती लिहून सही आणि तारीख घालतात. म्हणून नक्कल मागताना समासासकट मागा.