भिंतीला न घासता बारा तास

बारा तासांची रेस, तीन ड्रायव्हर, एक गाडी आणि दोन्ही बाजूंना काँक्रीटची भिंत. सिम रेसिंगवाल्या, म्हणजे पीसीला स्टिअरिंग आणि पेडल लावून ऑनलाइन रेस करणाऱ्या पोरांच्या ग्रुपवर अशा इव्हेंटची तारीख पडली की पहिला प्रश्न ठरलेला असतो, तुझा बेस्ट लॅप किती? माझं म्हणणं असं की स्ट्रीट सर्किटवरच्या, म्हणजे रोजच्या रस्त्यांच्या ट्रॅकवरच्या एंड्युरन्स (लांब पल्ल्याच्या) रेससाठी हा आकडा जवळजवळ बिनकामाचा आहे, बघायचा आकडा वेगळाच आहे आणि तो काढायला बारावीचं गणित पुरतं.

ऑस्ट्रेलियातलं बाथर्स्टचं माउंट पॅनोरमा घ्या. ६.२१३ किलोमीटरचा ट्रॅक, २३ वळणं आणि सगळ्यात खालचा पॉइंट ते सगळ्यात वरचा यात १७४ मीटरचा फरक. रेस नसते तेव्हा हा गावातला साधा रस्ता असतो, ६० ची स्पीड लिमिट, दोन्ही बाजूंनी ट्रॅफिक, कडेला लोकांची घरं. खरी १२ तासांची रेस तिथे १९९१ मध्ये सुरू झाली आणि आयरेसिंग या सिम गेमवर तिची ऑनलाइन आवृत्ती पण होते. आपल्याकडे २०२३ ला हैदराबादमध्ये हुसेन सागरच्या कडेने फॉर्म्युला ई झाली, २०२४ ला चेन्नईत रात्रीची फॉर्म्युला ४ झाली, ते पण रोजच्या वापराचेच रस्ते. अशा ट्रॅकवर बऱ्याच ठिकाणी बाहेर खडी नसते, गवत नसते, चूक झाली की थेट भिंत.

आता गणित. जीटी३ गाडी (शोरूमच्या स्पोर्ट्स कारवरून बनवलेली रेस कार) तिथे सव्वादोन मिनिटांच्या आतच एक लॅप मारते, पिट स्टॉप वगैरे धरून बारा तासांत साधारण ३२० लॅप होतात असं धरू. ३२० गुणिले २३, म्हणजे ७,३६० वळणं. समजा तुमची टीम इतकी भारी आहे की हजारात एकाच वळणाला भिंतीला लागते. ऐकायला मस्त वाटतं ना, ९९.९ टक्के? पण हजारात एक म्हणजे ७,३६० मध्ये सरासरी सात वेळा, आणि बारा तास एकदाही न लागता गाडी आणायची शक्यता ०.०६ टक्के, म्हणजे नाहीच. चूक दहा हजारात एकवर आणली तर तीच शक्यता ४८ टक्क्यांच्या आसपास जाते, नाणं उडवल्यासारखी. म्हणजे तयारी करायची ती या एका आकड्यासाठी, हजारात एक पासून दहा हजारात एकपर्यंत जायचं.

आणि त्यासाठी वेग किती सोडावा लागतो? दर लॅपला अर्धा सेकंद सोडला तर ३२० लॅपचे १६० सेकंद होतात, पावणेतीन मिनिटांपेक्षा कमी. एकदा गाडी नीट ठोकली, पिटपर्यंत लंगडत आणली आणि रिपेअर केली तर याहून जास्त सहज जातात. म्हणून मी तरी म्हणेन की अर्धा सेकंद खुशाल सोडा, फक्त तो सगळीकडे सारखा सोडू नका. फॉरेस्ट्स एल्बो नावाचं डावं वळण आहे, त्याच्यापुढे जवळपास दोन किलोमीटरची कॉनरॉड स्ट्रेट सुरू होते, तिथून बाहेर पडताना वेग कमी राहिला की तो तोटा पूर्ण सरळ रस्ताभर सोबत येतो. पण तिथेच बाहेरची भिंत पण खाते लोकांना. तर तिथे आत जाताना हळू व्हायचं आणि बाहेर पडताना लवकर गॅस द्यायचा. वरती स्कायलाइन ते डिपर या उतरणीच्या भागात मात्र सरळ सोडून द्या वेळ, तिथे कमवण्यासारखं थोडं आणि घालवण्यासारखं सगळं.

आता नेटवर्कचं, कारण ऑनलाइन रेसमध्ये ही दुसरी भिंत आहे आणि हिच्याबद्दल लोकांचे गैरसमज फार. पहिली गोष्ट, तुमची स्वतःची गाडी तुमच्याच पीसीवर चालते, आयरेसिंगमध्ये तिचं फिजिक्स सेकंदाला ३६० वेळा मोजलं जातं, त्यामुळे पिंग (डेटा सर्व्हरला जाऊन परत यायला लागणारा वेळ) जास्त असला म्हणून तुमचं स्टिअरिंग उशिरा वळत नाही. उशीर होतो तो बाकीच्यांच्या गाड्या दिसायला. ऑप्टिकल फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो आणि मुंबई ते सिडनी सरळ रेषेत दहा हजार किलोमीटरच्या पुढे आहे, म्हणजे सर्व्हर सिडनीत असेल तर जाऊन यायला १०० मिलीसेकंद फिजिक्सच घेतं, कितीही महागडा प्लॅन घ्या. केबल काही सरळ जात नाही, त्यामुळे प्रत्यक्षात आणखी जास्त. गंमत म्हणजे तुम्ही कोथरूडला आणि समोरचा कर्वेनगरला असला तरी त्याची गाडी तुम्हाला सिडनीला जाऊन आल्यावरच दिसणार.

मग त्या मधल्या वेळात स्क्रीनवर जे दिसतं ते काय असतं? अंदाज असतो. नळस्टॉपला पुढचा टू-व्हीलरवाला इंडिकेटर न देता कुठे जाणार हे आपण त्याच्या आत्ताच्या चालीवरून ताडतो, तसंच सॉफ्टवेअर शेवटचा माहीत असलेला वेग आणि दिशा घेऊन गाडी पुढे सरकवत राहतं. २०० च्या स्पीडला गाडी सेकंदाला साडेपंचावन्न मीटर जाते, म्हणजे १५० मिलीसेकंदांत आठ मीटरहून जास्त. पण अंदाज आठ मीटरने चुकत नाही, कारण सरळ जाणारी गाडी सरळच जाणार हे माहीत आहे. चूक तेव्हा होते जेव्हा समोरचा अचानक काहीतरी बदलतो, समजा ब्रेक मारतो. साधारण दीड जी, म्हणजे सेकंदाला १५ मीटर प्रतिसेकंद असा वेग कमी होतोय असं धरा आणि शाळेतलं अर्धा ए टी वर्ग लावा. १५० मिलीसेकंदांत चूक होते १७ सेंटीमीटर. एवढं चालून जातं. उशीर दुप्पट, ३०० मिलीसेकंद झाला की चूक दुप्पट नाही, चौपट होते, ६७ सेंटीमीटर, दोन फुटांच्या वर. मोकळ्या ट्रॅकवर दोन फूट सरकायला जागा असते, भिंतींच्या मधे नसते, आणि मग रिप्लेमध्ये दोघांनाही दिसतं की समोरच्यानेच धडक मारली, आणि दोघंही आपापल्या पीसीपुरते खरं बोलत असतात.

यावरून दोन गोष्टी निघतात. एक, पिंगचा सरासरी आकडा तितका महत्त्वाचा नाही जितकी त्याची स्थिरता, सतत १६० असलेलं कनेक्शन चालेल पण ६० वरून मधेच ३०० ला उडी मारणारं नको. आणि या उड्या बऱ्याचदा सिडनीच्या वाटेत नसतात, तुमच्या हॉलमधून बेडरूमपर्यंतच्या वाटेत असतात. २.४ गिगाहर्ट्झ वायफायला एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११, आणि पुण्यातल्या कुठल्याही सोसायटीत फोन काढून बघा किती राउटर दिसतात ते, त्यात कुणी मायक्रोवेव्ह लावला की तो पण त्याच पट्ट्यात. पॅकेट हरवलं की परत पाठवायचं, तोवर उशीर. लॅन केबल टाका, भिंतीला भोक पाडायला घरच्यांची परवानगी काढा, या खेळात यापेक्षा स्वस्त अपग्रेड नाही. दोन, भिंतींच्या मधे कुणाच्याही बाजूला घुसताना त्याला बदल करावा लागेल असं काही करू नका. त्याने अचानक दिशा बदलली नाही तर अंदाज बरोबर राहतो. ओव्हरटेक कॉनरॉडवर किंवा माउंटन स्ट्रेटवर, डोंगरावर रांगेत. हे शिष्टाचार म्हणून सांगत नाहीये, वरच्या १७ सेंटीमीटरच्या हिशोबातूनच ते येतं.

टायरचं प्रेशर थोडक्यात सांगतो. बंद जागेतली हवा तापली की दाब वाढतो, गेजवर २६ पीएसआय दिसत असेल तर त्यात वातावरणाचे १४.७ मिळवा म्हणजे खरा दाब ४०.७, आणि टायरच्या चालू तापमानाला हे प्रत्येक अंशामागे साधारण ०.१ पीएसआयने वाढतं. असेटो कोर्सा कॉम्पिटिझिओने या दुसऱ्या सिम गेममध्ये जीटी३ च्या कोरड्या ट्रॅकच्या टायरला २६ ते २७ ची खिडकी, म्हणजे एवढाच पट्टा, चांगली मानतात, म्हणजे दहा अंशांचा फरक पडला की अख्खी खिडकी ओलांडली. पहाटेच्या गार ट्रॅकवर बसवलेलं प्रेशर दुपारी जास्त होतं, टायर मधे फुगतो, रस्त्याला टेकणारा भाग कमी होतो आणि गाडी भिंतीकडे सरकायला लागते. त्यामुळे प्रॅक्टिस सगळ्यांनी संध्याकाळी एकाच हवामानात करून उपयोग नाही, पहाट, दुपार, अंधार असे वेगवेगळे सेशन लावा आणि प्रत्येक वेळी ट्रॅकचं तापमान आणि गरम प्रेशर वहीत लिहा. एक्सेलमध्ये लिहिलं तरी चालेल, पण लिहा.

पेट्रोल वाचवायचं शास्त्र मला सगळ्यात आवडतं कारण त्यात वेग सोडून सुरक्षितता फुकट मिळते. ड्रायव्हर आणि पेट्रोल धरून १,४०० किलोची गाडी २५० वरून ८० वर आणली की सुमारे ३० लाख जूल ऊर्जा काढून टाकावी लागते. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ३ कोटी २० लाख जूल असतात पण त्यातला एक तृतीयांशच भाग चाकांपर्यंत पोचतो असं धरलं तर प्रत्येक मोठ्या ब्रेकिंगला पाव लिटरहून थोडं जास्त पेट्रोल, बरंचसं ब्रेकची डिस्क तापवण्यात जातं. सरळ रस्त्याच्या शेवटी शंभर मीटर आधी गॅस सोडला तर गाडी हवेच्या विरोधानेच थोडी हळू होते, वेळ फार जात नाही कारण ते अंतर तसंही एवढ्या वेगात दीड सेकंदात संपतं, आणि पेट्रोल तर वाचतंच. वर ब्रेक कमी जोरात मारावा लागतो, म्हणजे चुकायची शक्यता कमी.

ब्रेकवरून आठवलं, पेडल. साध्या पेडलमध्ये पाय किती खाली गेला हे मोजतात, लोड सेलवाल्यात किती जोर लावला हे. लोड सेल म्हणजे धातूच्या तुकड्यावर चिकटवलेली बारीक पट्टी, जोर लागला की ती केसभर ताणली जाते आणि तिचा विद्युतरोध बदलतो, किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यात हेच असतं. आपल्या स्नायूंच्या टोकाला ताण ओळखणारे सेन्सर असतात, म्हणून जोर पायाला कळतो, आणि खऱ्या रेसिंग कारचं पेडल पण कडकच असतं, फारसं हलत नाही, जोरच मोजायचा असतो. सिममध्ये अंगाला धक्का बसत नाही, कानातलं तोल सांभाळणारं यंत्र गप्प बसलेलं असतं, त्यामुळे डोळे, हात आणि पाय एवढ्यावरच भागवायचं. २५० ला पन्नास मिलीसेकंद उशिरा ब्रेक लागला की साडेतीन मीटर पुढे. हा फरक दर लॅपला किती राहतो ते टेलिमेट्रीत (गेमने नोंदवलेल्या गाडीच्या डेटात) बघा. बेस्ट लॅप बघायचाच नाही असं नाही, पण तीस लॅपच्या स्टिंटमधले (एका ड्रायव्हरच्या सलग पाळीतले) पहिले दोन सोडून बाकी अठ्ठावीस एकमेकांच्या किती जवळ आहेत हे आधी बघायचं. ज्याचा बेस्ट अर्धा सेकंद मागे आहे पण सगळे लॅप पाव सेकंदाच्या पट्ट्यात बसतात, पहाटेच्या अंधारातला स्टिंट डोळे झाकून त्याला द्या.

ड्रायव्हरला उठवायचं ते स्टिंटच्या किमान अर्धा तास आधी, झोपेतून उठल्यावर डोकं जड राहतं तो काळ तेवढा असतोच. उन्हाळ्यात दार लावून बसलात तर पीसी आणि स्क्रीनची मिळून पाचसहाशे वॉट उष्णता त्या खोलीतच राहते, त्यात तुमचे स्वतःचे शंभर, म्हणून पंखा अंगावर आणि पाण्याची बाटली हाताशी.

शेवटचं लाईटचं. पीसीचा पॉवर सप्लाय वीज गेल्यावर साधारण १६ मिलीसेकंद तग धरतो, घरचा इन्व्हर्टर साध्या मोडवर असेल तर बदलायला याहून जास्त वेळ घेऊ शकतो आणि पीसी बंद पडतो, म्हणून मागचं बटण यूपीएस मोडवर आहे का बघा, आणि तो एवढा लोड ओढतो का ते पण. राउटर आणि फायबरच्या डबीला वेगळा छोटा १२ व्होल्टचा यूपीएस लावा, गाडी चालू आणि नेट बंद याचा काही उपयोग नाही. रेसच्या आठवड्यात एकदा प्रॅक्टिस चालू असताना घरच्यांना सांगून मेन स्विच खरंच बंद करून बघा, आणि इमारतीच्या जोडणीजवळ ऑप्टिकल नोड (फायबर घरोघरी वाटणारी पेटी) असेल तर त्याला बॅकअप आहे का हे केबलवाल्या दादांना विचारून ठेवा.