एकच जनुक, नावं तीन

कोल्हापूरकडचा ऊसवाला बेणं मागताना 'नीरा' क्वचितच म्हणतो. तो 'शहाऐंशी शून्य बत्तीस' म्हणतो. वाण एकच, को ८६०३२. को म्हणजे कोइमतूर, ८६ म्हणजे १९८६ साल, पुढे त्या सालचा क्रमांक. नावातच जन्मदाखला! जनुकांना असली शिस्त फार उशिरा लागली.

१९१० साली अमेरिकी जीवशास्त्रज्ञ मॉर्गन यांना पांढऱ्या डोळ्यांची फळमाशी सापडली. ज्या जनुकातल्या बिघाडाने हे झालं, त्याचं नाव पडलं 'व्हाइट'. म्हणजे जे धड असलं की डोळे लाल होतात, त्यालाच पांढरं म्हणायचं. यीस्टवाल्यांचा घोळ वेगळा. पेशीचं विभाजन घडवून आणणारं जनुक संशोधक हार्टवेल यांच्या पावाच्या यीस्टमध्ये सीडीसी २८ होतं (सीडीसी म्हणजे 'सेल डिव्हिजन सायकल', पेशीविभाजनाचं चक्र), संशोधक नर्स यांच्या दुसऱ्या जातीच्या यीस्टमध्ये सीडीसी २. १९८७ साली नर्स यांच्या प्रयोगशाळेला त्याचाच माणसातला भाऊबंद सापडला. तो आज सीडीके १.

मोजकी जनुकं होती तोवर हे तोंडपाठ चालून गेलं. १९९६ साली यीस्टचा अख्खा जनुकसंच वाचून झाला, मग सूत्रकृमीचा, २००० साली फळमाशीचा. आता ताळा संगणकानेच घालायचा, आणि त्याला तर भाऊबंदकी कळत नाही.

१९९८ साली फळमाशी, यीस्ट आणि उंदीर यांच्या माहितीसाठ्यांनी मिळून 'जीन ऑन्टॉलॉजी', म्हणजे जनुकांसाठीची सामाईक संज्ञासूची, सुरू केली. जनुकांचं पुन्हा बारसं करायच्या फंदात ते पडले नाहीत, हे शहाणपणाचं. त्यांनी कामांना नावं दिली: जनुकातून बनणारं प्रथिन काय करतं, कोणत्या प्रक्रियेत भाग घेतं, पेशीत कुठे असतं. प्रत्येक संज्ञेला व्याख्या आणि सात आकडी क्रमांक. एका संज्ञेच्या वर दोन-तीन व्यापक संज्ञाही असू शकतात, त्यामुळे ही सरळ वंशावळ नाही, जाळं आहे. मला यातली सर्वांत मोलाची वाटते ती पुराव्याची खूण: हे काम प्रयोगात दिसलं, की साम्यावरून संगणकाने ठरवलं? २००५ साली एक्झॉन, इंट्रॉन अशा जनुकाच्या भागांसाठी 'सीक्वेन्स ऑन्टॉलॉजी' आली.

उसाच्या आर ५७० वाणाचा तपशीलवार जनुकसंच यायला २०२४ उजाडलं; एकेका गुणसूत्राच्या अनेक प्रती, गुंता मोठा. शिवाजी विद्यापीठात बसून उसाचं जनुक भाताशी ताडणाऱ्याला आज 'शर्करेचं वहन' ही संज्ञा क्रमांकासकट मिळते. शेजारची खूण तेवढी बघायची. उसात ती बहुतेकदा संगणकाच्या अंदाजाची असते.