विधानसभेसाठी छोट्या पक्षाकडून उभे राहताना अर्ज कुठे अडतो?

पक्ष निवडणूक आयोगाकडे नोंदणीकृत असणे आणि तो मान्यताप्राप्त असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हा फरक ध्यानात न घेतल्यामुळे उमेदवार छाननीच्या, म्हणजे अर्जांच्या तपासणीच्या, दिवशी हात हलवत परततात. महाराष्ट्रात मान्यता असलेल्या पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक, म्हणजे अर्जावर सही करून त्याचे नाव सुचवणारा मतदार, पुरतो; नोंदणीकृत पण अमान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला मात्र अपक्षाप्रमाणेच दहा सूचक लागतात. पक्षाला शेजारच्या कर्नाटकात मान्यता असली, तरी इथे दहाच.

हे दहाही जण त्याच मतदारसंघाचे मतदार असले पाहिजेत. सोलापूर शहराची वस्ती शहर उत्तर, शहर मध्य आणि दक्षिण अशा तीन मतदारसंघांत वाटली गेली असल्याने, एकाच पेठेतला मित्र आपल्याच मतदारसंघात असेल असे गृहीत धरू नये. ओळखपत्र पाहून समाधान मानण्याऐवजी चालू मतदार यादीत प्रत्येकाचे नाव, भाग क्रमांक आणि अनुक्रमांक स्वतः तपासावा. सही न येणाऱ्या सूचकाचा अंगठा घरी बसून घेतलेला चालत नाही. तो निवडणूक निर्णय अधिकाऱ्यासमोर किंवा प्राधिकृत अधिकाऱ्यासमोर द्यावा लागतो. एका उमेदवाराला एका मतदारसंघात चार नामनिर्देशनपत्रे (उमेदवारी अर्ज) भरता येतात आणि त्यांसाठी अनामत एकदाच लागते, म्हणून वेगळ्या दहा सूचकांचा दुसरा अर्ज अवश्य भरावा.

उमेदवाराचे वय छाननीच्या दिवशी २५ पूर्ण हवे. त्याचे नाव राज्यातील कोणत्याही मतदारसंघात असले तरी चालते, पण ते दुसरीकडे असल्यास यादीतील नोंदीची प्रमाणित प्रत जोडावी लागते. साधी झेरॉक्स पुरत नाही. सोलापूर जिल्ह्यातील ११ जागांपैकी मोहोळ आणि माळशिरस अनुसूचित जातींसाठी राखीव आहेत. तिथे महाराष्ट्राच्या यादीतील जात सिद्ध व्हावी लागते, त्यामुळे ज्यांची मुळे कर्नाटक वा तेलंगणात आहेत, त्यांनी तिकडचा दाखला घेऊन येऊ नये.

महापालिका आणि जिल्हा परिषदेच्या नियमांची सवय झालेले कार्यकर्ते इथे दोन अपत्यांची अट आणि शौचालयाचा दाखला शोधत चार दिवस घालवतात. विधानसभेला यांपैकी काहीही लागत नाही. हे कोणी वेळेवर सांगत नाही, हा भाग वेगळा.

हा आमचा अधिकृत उमेदवार आहे, असे कळवणारे पक्षाचे ‘ए’ आणि ‘बी’ फॉर्म अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी ३ वाजेपर्यंत पोहोचले पाहिजेत, आणि त्यांवर शाईची मूळ सही हवी. व्हॉट्सॲपवर आलेला फोटो किंवा रबरी शिक्का मारलेली सही ग्राह्य धरली जात नाही. मुंबईहून निघालेला माणूस फॉर्म घेऊन सोलापूरच्या वाटेवर टेंभुर्णीजवळ अडकला, तर घड्याळ त्याच्यासाठी थांबत नाही. दहा सूचक बिनचूक असतील, तर असा उमेदवार निदान अपक्ष म्हणून टिकतो.

सर्वांत हळहळ वाटायला लावणारी चूक शपथेची आहे. अर्ज दाखल केल्यानंतर आणि छाननीच्या आदल्या दिवसापर्यंत उमेदवाराने प्राधिकृत अधिकाऱ्यासमोर संविधानाच्या अनुच्छेद १७३ प्रमाणे शपथ घ्यावी लागते. नोटरीपुढे केलेले शपथपत्र म्हणजे ही शपथ नव्हे. अर्ज देताच तिथेच शपथ घ्यावी आणि तिचे प्रमाणपत्र मागून घ्यावे.

अर्जासोबत द्यायच्या नमुना २६ च्या शपथपत्रात एकही रकाना कोरा ठेवू नये. काही नसेल तिथे ‘निरंक’ किंवा ‘लागू नाही’ असे लिहावे, कारण कोरा रकाना म्हणजे दडवलेली माहिती, अशीच भूमिका सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये घेतली आहे. जोडीदार व अवलंबितांची मालमत्ता, प्रलंबित गुन्हे आणि शासकीय थकबाकी हेही त्यातच येते.

बाकीचे सोपे आहे. अनामत १०,००० रुपये, अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना ५,०००. ती धनादेशाने भरता येत नाही. खर्चासाठी स्वतंत्र बँक खाते अर्जाच्या किमान एक दिवस आधी उघडावे. अर्ज सकाळी ११ ते दुपारी ३ या वेळेत उमेदवाराने किंवा सूचकानेच द्यावा. पुतण्याच्या हाती पाठवलेला अर्ज स्वीकारला जात नाही. ऑनलाइन भरला असला, तरी त्याची छापील, सही केलेली प्रत प्रत्यक्ष नेऊन द्यावीच लागते.

चिन्हांच्या रकान्यात मुक्त यादीतील, म्हणजे कोणत्याही पक्षासाठी राखून न ठेवलेली, तीन चिन्हे पसंतीक्रमाने लिहावीत. तेच चिन्ह एखाद्या अपक्षानेही मागितले, तर नोंदणीकृत पक्षाच्या उमेदवाराला प्राधान्य मिळते. पण ‘ए’ आणि ‘बी’ फॉर्म वेळेत पोहोचले असतील, तरच.