बोकताई : उन्हावर चालणारी गेम

बोकताई ही जपानच्या कोनामी कंपनीची २००३ सालची ॲक्शन आरपीजी, म्हणजे एका पात्राच्या भूमिकेत शिरून मारामारी करत गोष्ट पुढं न्यायची व्हिडिओ गेम. निन्टेंडोच्या गेम बॉय ॲडव्हान्स या हातात धरून खेळायच्या मशीनवर ती आली. पूर्ण नाव 'बोकताई : द सन इज इन युअर हँड', आणि जपानी नाव 'बोकुरा नो ताइयो', म्हणजे आपला सूर्य. कल्पना आणि निर्मिती हिदेओ कोजिमाची, मेटल गिअर सॉलिड ही लपतछपत खेळायची गाजलेली गेम बनवणारा तोच. हिच्या कॅसेटमध्ये ऊन मोजणारा सेन्सर बसवलाय आणि गेममधली बंदूक चार्ज करायची तर खेळणाऱ्याला खरोखरच्या उन्हात जाऊन उभं राहावं लागतं. जपानमध्ये ती जुलै २००३ ला आली, अमेरिकेत त्याच वर्षी सप्टेंबरात.

आता सेन्सरचं ऐकलं की बहुतेक लोक म्हणतात हां, काहीतरी गंमत म्हणून लावलं असेल, आणि ही गेम मागं पडायचं मोठं कारण माझ्या मते हेच आहे, की लोकांनी सेन्सर बघितला आणि त्याच्या भोवती जी गेम रचलीय ती बघितलीच नाही. त्याच काळात त्याच मशीनवरच्या पोकेमॉन रुबी आणि सफायर या गेम्सची हवा होती, सगळ्यांचे पैसे तिकडं गेले. समीक्षकांनी बोकताईचं कौतुक केलं होतं, पण आपल्याकडं ती कुणाला नावानंसुद्धा माहीत नाही.

गोष्ट साधी आहे. जँगो नावाचा पोरगा, बापाकडून आलेली सूर्याची बंदूक घेऊन इस्त्राकान नावाच्या मेलेल्या शहरात शिरतो, तिथं रक्तपिपासू अमर लोक बसलेत त्यांना संपवायला. बरोबर ओतेन्को नावाचा सूर्यफुलासारखा दिसणारा सोबती. जपानी म्हातारी माणसं सूर्याला आदरानं 'ओतेन्तोसामा' म्हणतात त्यावरून हे नाव आलंय, आपण सूर्यनारायण म्हणतो ना, तसंच. जँगो, साबाता, रिंगो ही माणसांची नावं इटलीत बनलेल्या घोडेस्वार-बंदूकवाल्या सिनेमांतली, तर गार्मर, मुस्पेल, हेल ही उत्तर युरोपच्या पुराणातली. साबाता हा जँगोचा भाऊ, पण अंधाराच्या बाजूला वाढलेला.

खरी मजा खेळण्यात आहे. बंदुकीत ऊन भरायचं, प्रत्येक गोळीला ते खर्च होतं. तळघरात शिरलात की जवळ असेल तेवढ्यावरच भागवायचं, म्हणून दिसेल त्याला गोळी घालत सुटणं परवडत नाही. मग भिंतीला चिकटून उभं राहायचं, भिंतीवर टकटक करून शत्रूला दुसरीकडं बोलवायचं आणि मागून सटकायचं. काही ठिकाणी छताला झरोके आहेत, बाहेर खरं ऊन असेल तर त्या झरोक्यातून गेममध्ये उजेडाचा पट्टा पडतो, त्यात उभं राहून बंदूक वर धरली की ती भरते. ढग आला की पट्टा गेला. पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा मी मशीनवर हात धरून सावली केली, पट्टा गायब, हात काढला, पट्टा परत, दहा वेळा तरी तेच केलं असेल.

जादा ऊन साठवून ठेवायला सोलर बँक आहे आणि तिथं ठेवीवर व्याज मिळतं. ऊन संपलं तर अंधारवाल्यांकडून उसनंही मिळतं, पण ते फेडावं लागतं, पतसंस्थेचा हप्ता असतो तसं डोक्यावर राहतं. हे साठवणीचं प्रकरण सांगलीच्या माणसाला लगेच कळतं. आमच्याकडं हळद निघाली की शिजवून उन्हात वाळत घालतात, दहा-पंधरा दिवस अंगणं पिवळी असतात, आणि वाळली की पूर्वी हरिपूरला जमिनीखालच्या पेवात ठेवायचे, काळोखात, महिनोन्महिने. उन्हात कमवायचं आणि अंधारात पुरवून वापरायचं. गेमचा सगळा हिशोब एवढाच आहे.

अमर राक्षसाला हरवलं म्हणजे तो मेला असं नाही. त्याला शवपेटीत घालून साखळीनं ओढत तळघराच्या बाहेर आणायचं, आतला धडपडत असतो, पेटी जड, वाटेत बाकीचे शत्रू येतात ते वेगळंच. बाहेर अंगणात पाइल ड्रायव्हर नावाचं यंत्र आहे, त्याच्या मधोमध पेटी ठेवायची आणि सूर्यप्रकाश एकवटून राक्षसाला जाळायचं. इथं खरं ऊन लागतं. ओढत आणायचं काम कंटाळवाणं आहे असं बरेच जण म्हणतात आणि थोडं खरंय, पण माझ्यासाठी तीच या गेमची सगळ्यात चांगली गोष्ट आहे, कारण दुसऱ्या गेममध्ये बॉस, म्हणजे शेवटचा मोठा शत्रू, मेला की पडदा काळा होतो आणि पुढं, इथं मात्र जिंकल्यावरचं काम तुम्हालाच करावं लागतं.

माझा पहिला राक्षस, गेममध्ये त्याला काउंट म्हणतात, मी आषाढात हरवला. मामेभावाची मशीन सुट्टीपुरती मागून आणली होती. पेटी अंगणात आणून ठेवली आणि सांगलीला झड लागलेली, चार दिवस सूर्याचं तोंड नाही, कृष्णेचं पाणी चढतंय, घाटावर रोज माणसं बघायला, आणि मी खिडकीत. पाचव्या दिवशी दुपारी ऊन पडलं. आज्जी स्लॅबवर ओले कपडे घेऊन निघालेली, मी तिच्या मागनं पळत. "आरं उन्हात काय बसतोयस, डोकं तापंल," ती म्हणाली. म्हटलं, "आज्जी, दहा मिनिटं, ढग यायच्या आत." तिनं एकदा आभाळाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि दोरी जरा पलीकडं बांधली, कपड्यांची सावली माझ्यावर पडू नये म्हणून. राक्षस जळला तेव्हा निम्मे कपडे अजून बादलीतच होते.

सेन्सरची एक गोष्ट ठाऊक पाहिजे. मूळ गेम बॉय ॲडव्हान्समध्ये कॅसेट वरून बसते, म्हणून सेन्सरवर ऊन सरळ पडतं. त्याच मशीनचा नंतर आलेला घडीचा प्रकार म्हणजे एसपी, त्यात ती आपल्या पोटाकडच्या बाजूनं आत जाते, म्हणजे सूर्याकडं पाठ केली की आपलीच सावली सेन्सरवर, तिथं सूर्य समोर घेऊनच बसावं लागतं. फार वेळ कडक उन्हात राहिलं तर गेममधली बंदूक तापते आणि बंद पडते, बनवणाऱ्यांनी हे मुद्दाम ठेवलंय, मशीन आणि पोरगं दोन्ही सावलीत जावं म्हणून. कॅसेटमध्ये घड्याळही आहे, बाहेर रात्र झाली की गेममध्येही रात्र.

पुढं २००४ मध्ये दुसरा भाग आला, सोलर बॉय जँगो, त्यातही सेन्सर होता. २००५ चा तिसरा भाग जपानबाहेर निघालाच नाही, चाहत्यांनी स्वतः बसून त्याचं इंग्रजी भाषांतर केलं. चौथा, लुनार नाइट्स, निन्टेंडो डीएस या पुढच्या मशीनवर आला पण कॅसेटमधला सेन्सर गेला, ऊन-पाऊस गेमच स्वतः ठरवते. चांगली गेम आहे, पण बाहेर जायचं कारण उरलं नाही. कॉम्प्युटरवर एमजीबीए नावाच्या एम्युलेटरमध्ये, म्हणजे जुन्या मशीनची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, पहिली बोकताई चालते आणि उन्हाचं प्रमाण आपल्या हातानं कमीजास्त करता येतं, गोष्ट कळायला ते ठीक. पण मग ऊन कायमच फुकट, बंदूक कायमच भरलेली, तळघरात जपून पाऊल टाकायची गरजच पडत नाही.

जुनी कॅसेट मिळाली तर सांगली-साताऱ्याकडं खेळायला थंडीचे महिने सगळ्यात चांगले, सकाळी नऊ ते अकरा, ऊन कोवळं आणि आभाळ कोरं. मूळ मशीनच्या पडद्याला स्वतःचा दिवा नाही, त्यामुळं तो उन्हातच नीट दिसतो, उलट नंतरच्या मागून उजेड असलेल्या पडद्यांवर उन्हात सगळं फिकं पडतं. चैत्र-वैशाखात बंदूक पटकन भरते पण तापतेही पटकन, तेव्हा आंब्याच्या झाडाखाली बसायचं आणि फक्त कॅसेटवर कवडसा येईल अशी जागा शोधायची.