बोर्डावर एक बाई: नियम आला कुठून आणि अडला कुठे

पोर्तुगीज सिव्हिल कोडाचं पुराण लावत नाही, लग्न झालं की प्रॉपर्टी निम्मी-निम्मी हे गोव्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण त्याच 1867च्या कोडात मालकी दोघांची आणि कारभार मात्र नवऱ्याकडे असं होतं, हे कोणी काढत नाही. फॅमिली कंपनीचा डिव्हिडंड इन्कम टॅक्स रिटर्नमध्ये आजही दोघांच्या नावे अर्धा-अर्धा दाखवायचा (पगार तेवढा ज्याचा त्याचा), बोर्ड मीटिंगला कोण बसतं ते विचारू नका.

खरी भानगड 2013च्या कंपनी कायद्याची. लिस्टेड (शेअर बाजारात नोंदलेली) कंपनी, किंवा 100 कोटी पेड-अप कॅपिटल (भागधारकांनी भरलेलं भांडवल) नाहीतर 300 कोटी टर्नओव्हरची पब्लिक कंपनी असेल तर बोर्डावर निदान एक बाई हवी. कसली बाई, ते लिहिलंच नाही! शेअर बाजाराच्या नियामकाने, म्हणजे सेबीने, लिस्टेड कंपन्यांना आधी 1 ऑक्टोबर 2014ची मुदत दिली, मग ती 1 एप्रिल 2015वर ढकलली आणि शेवटी शेवटी प्रमोटरची (कंपनीच्या मूळ मालकाची) बायको, बहीण, मुलगी अशी नावं धडाधड आली. जून अखेरपर्यंत उशीर केला तर दंड 50 हजार, म्हणजे मोठ्या कंपनीचं चहापाणी. घरच्या बाईलाही धंदा कळतो, निदान दार तरी उघडलं, असं म्हणणारे आहेत आणि ते अगदीच खोटं नाही, पण ज्या घराला प्रश्न विचारायचे त्याच घरातली संचालक नेमून नियम पाळला म्हणणं मला तरी पटत नाही. नातं नको, पैशाचे हितसंबंध नकोत, ही अट महिला संचालकाला लागली ती 1 एप्रिल 2019पासून बाजारमूल्याने पहिल्या 500 लिस्टेड कंपन्यांत, पुढच्या वर्षी 1000मध्ये. गोव्यातल्या वेर्णा-कुंडई औद्योगिक वसाहतींतल्या कितीतरी कंपन्या प्रायव्हेट लिमिटेड (लोकांना शेअर न विकणाऱ्या), त्यांना यातलं काहीच लागू नाही.

आणि नोकरीचं काय? बोर्डाची नेमणूक-मानधन समिती बघते संचालक आणि वरचे अधिकारी, खालची भरती नाही, शिवाय त्या समितीत बाई हवीच असंही नाही. नोकरीतले बदल आले ते कोर्टातून आणि कामगार कायद्यातून. पहिल्यांदा गरोदर राहिली की एअर होस्टेसची नोकरी संपली, हा सरकारी विमान कंपनीचा नियम 1981मध्ये सुप्रीम कोर्टाने उडवला. 2017मध्ये बाळंतपणाची रजा पहिल्या दोन मुलांसाठी 26 आठवडे झाली, 50 माणसांवर पाळणाघर सक्तीचं झालं, पण कामगार विमा (ईएसआय) नसेल तिथे रजेचा पगार सगळा मालकाच्या खिशातून, मग इंटरव्ह्यूत "लग्न कधी करताय" हे विचारणारच ना.

2013चाच कामाच्या ठिकाणचा लैंगिक छळविरोधी कायदा मात्र 10 माणसं असली की प्रायव्हेट लिमिटेडलाही लागतो. तिथे तक्रार कमिटीची अध्यक्ष बाईच, निदान निम्म्या सदस्य बायका, आणि चौकशी चालू असताना तक्रारदाराने लिहून मागितलं तर बदली किंवा तीन महिन्यांपर्यंत रजा द्या असं ही कमिटी सांगते, मालकाला ते पाळावंच लागतं.