सिमेंटचा पत्रा उतरवण्याआधी

जुन्या एमआयडीसीतल्या कितीतरी शेडवर राखाडी, पन्हाळीदार सिमेंटचा पत्रा अजून आहे. त्यात साधारण 10 टक्के क्रिसोटाइल, म्हणजे पांढरं अ‍ॅस्बेस्टॉस हे तंतुमय खनिज असतं. ‘यानं कॅन्सर होतो’ एवढं कानावर पडलं की मालक चार पोरं वर चढवतो आणि रविवारी छप्पर फोडून मोकळा होतो. याहून वाईट उपाय नाही.

धड असलेला पत्रा फारसे तंतू सोडत नाही. सिमेंटनं ते घट्ट धरलेले असतात. ग्राइंडर फिरला किंवा हातोडा बसला की ते सुटतात. केसाच्या विसाव्या हिश्श्याहून बारीक, त्यामुळे दिसत नाहीत आणि तासन्तास तरंगतात. फुप्फुसात उतरल्यावर तिथल्या सफाई करणाऱ्या पेशी त्यांना गिळू पाहतात, पण लांब तंतू पेशीत मावतच नाही. अर्धवट गिळलेल्या तंतूभोवती दाह वर्षानुवर्षं धुमसत राहतो. मेसोथेलिओमा हा कर्करोग बहुधा 20 ते 50 वर्षांनी दिसतो. तोवर ठेकेदार कुठे आणि हजेरीपुस्तक कुठे!

छतापेक्षा जास्त जपायचं ते बॉयलरपाशी. जुन्या स्टीम पाइपांवरचं लॅगिंग (उष्णता रोखणारं वेष्टन), भट्टीच्या दाराची दोरी यांत अ‍ॅस्बेस्टॉस असेल तर ते नुसत्या बोटांनी चुरतं. तिथे फिटरला पान्हा लावू देण्याआधी नमुना प्रयोगशाळेत तपासून घ्यावा.

ब्रिटनमध्ये 1999 पासून अ‍ॅस्बेस्टॉसवर पूर्ण बंदी आहे, तरी जुन्या इमारतींतलं सगळं उपटलेलं नाही. कुठे काय आहे, कोणत्या अवस्थेत आहे, याची नोंदवही ठेवायची आणि दुरुस्तीला येणाऱ्याला ती आधी दाखवायची, असा तिथला कायदा आहे. आपल्याकडे हे पत्रे आजही विकले जातात. पण अशी वही ठेवायला आपल्याला कोणी अडवलेलं नाही.

पत्रा काढायचाच असेल तर आधी ओला करावा, बोल्ट सोडवून अख्खा उतरवावा, फोडू नये. कापडी रुमाल किंवा साधा मास्क इथे कुचकामी. बारीक धूळ अडवणारा, चेहऱ्याला घट्ट बसणारा रेस्पिरेटर हवा. खाली झाडू मारायचा नाही, ओल्या फडक्यानं पुसायचं. आणि थेट पत्र्यावर पाय द्यायचा नाही, फळ्या टाकायच्या. कर्करोगाला दशकं लागतात, कुजक्या पत्र्यातून खाली पडायला क्षण पुरतो.

उतरलेला माल जाड प्लास्टिकात गुंडाळून, वर खूण करून धोकादायक कचऱ्याच्या अधिकृत केंद्राकडे पाठवावा. भंगारवाल्याला दिला, तर तोच पत्रा कुणाच्या तरी न्हाणीवर नाहीतर खुराड्यावर चढतो, तोही नव्यानं भोकं पाडून.